हॉलच्या भिंतीवर काय लावायचं?

(फोरमच्या नाताळ स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज आत येताना तुमच्यापैकी काहीजण दारातच थबकले. कार्यक्रम नाताळचा, आणि दाराला झेंडूचं तोरण, खाली रांगोळी, कोपऱ्यात समई! एकाने विचारलंच, "अरे, ख्रिसमस ट्री कुठाय?"

सजावटीचं काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिलं, ते मी ख्रिस्ती म्हणून. दुकानातून झाड आणि कापसाचा बर्फ आणला असता तर कुणी काहीच म्हटलं नसतं. पण आमच्या नगरच्या अंगणात बर्फ कधी पडला नाही. आई नाताळला दारात कागदी चांदणी लावायची, रांगोळी काढायची आणि करंज्यांचं ताट शेजारी पाठवायची.

बेत कळल्यावर मला दोन फोन आले. पहिला आपल्यातल्याच एकाचा : "समई-रांगोळी आमची. ती वापरून धर्मप्रसार करायचा हा जुना डाव आहे." दुसरा चर्चमधल्या स्नेह्याचा : "ही हिंदूंची प्रतीकं तू कशाला लावतोस?" गंमत पाहा, दोघांचं गृहीतक एकच. मराठी म्हणजे हिंदू!

पहिल्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्याच गोव्यात त्याआधी पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती. हे मी विसरू इच्छित नाही. पण १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले ते स्वतःच्या निवडीने, आणि ख्रिस्तासाठी त्यांनी अभंगच लिहिले. अभंग काय त्यांनी उसने आणले होते? ते त्यांचेच होते.

भिंतीवरचं चित्र आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्राची प्रत आहे. जन्म गोव्यात, १९०२ सालचा. अवनींद्रनाथ टागोरांकडे ते शिकले आणि साडी नेसलेली मरिया रंगवू लागले. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचलं नाही. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात ते राहिले. १९६७ साली वारले. आपल्याच माणसांना परके वाटणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

काही मित्र म्हणतात, आपण पुरोगामी, मग भिंती कोऱ्याच ठेवू. मला चालेल. पण मग दिवाळीच्या पॉटलकलाही कोऱ्या ठेवाव्या लागतील. तेव्हा पणत्या लावतो ती 'संस्कृती', आणि माझी चांदणी लावली की तो 'धर्म', हे कसं?

माझी सूचना साधी आहे. ज्याचा सण, त्याने सजवावं. पत्रकं वाटू नयेत, कुणाला हात जोडायला सांगू नये, आणि रात्री सगळं उतरवावं. दिवाळी, ईद, बुद्धजयंती, नाताळ, सर्वांना नियम एकच.

हॉलच्या नियमानुसार इथे ज्योत पेटवता येत नाही, म्हणून समईत बॅटरीचे दिवे आहेत. आईला ते मुळीच आवडले नसते! नऊ वाजता हॉल रिकामा करून द्यायचा आहे. तोरण उतरवायला दोघं-तिघं थांबलात तर बरं होईल. ज्यांनी फोन केला होता त्यांनी तर जरूर थांबावं. करंज्या उरल्या आहेत.