सुप्याच्या बाजारात काय जळालं?

(पाड्यांच्या शिबिरात युवक गटाने केलेलं भाषण. बऱ्याच जणांनी मागितलं म्हणून छापत आहोत. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा.)

लांबून पायी आलेल्या आजा-आजींनो, बाया-बापयांनो, भावा-बहिणींनो,

आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलो. इतिहासाच्या पुस्तकात राजे होते, लढाया होत्या. कर्ज काढून बियाणं आणणारा माणूस फारसा कुठे दिसला नाही. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो. हा माणूस आदिवासी नव्हता, कुणबी होता. शंभरावर वर्षं झाली त्याला. पण गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, हा तर आपल्याच पाड्यावरचा.

पुणे जिल्ह्यात सुपे नावाचं बाजाराचं गाव आहे. भाग कोरडा. पाऊस पडला तर बाजरी-ज्वारी, नाही तर काहीच नाही. आजूबाजूच्या खेड्यांतला शेतकरी आठवड्याच्या बाजाराला तिथं यायचा. मीठ, कापड, बियाणं तिथूनच. सावकाराचं दुकानही तिथंच. म्हणजे धान्य विकायचं ते त्याला, आणि कर्ज मागायचं तेही त्याच्याकडेच.

इंग्रज सरकारने जमीन मोजली आणि सारा ठरवला. सारा रोख पैशात भरायचा, तोही ठरल्या हप्त्याला. पीक आलं की नाही हा सवाल सहसा नाही. घरात दाणा असेल, पण रुपया नसायचा. मग तो सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसायचा.

1861 साली अमेरिकेत आपसात लढाई लागली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला भाव चढला. सावकार मोकळ्या हाताने पैसा देऊ लागला. 1865 ला ती लढाई संपली, भाव पडला आणि सावकाराने हात आखडला. त्याच सुमाराला सरकारने सारा नव्याने बांधायला घेतला. इंदापूर तालुक्यात 1867 साली तो दीडपटीच्या आसपास गेला. एकीकडून मागणी वाढली, दुसरीकडून उधारी बंद. शेतकरी मधल्या मध्ये चेंगरला.

आता कागदाचं ऐका, ते महत्त्वाचं आहे.

1859 साली सरकारने कायदा केला की कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल. व्याज साचू नये, शेतकऱ्याला आधार व्हावा, असा हेतू सांगितला. सावकाराने काय केलं? तीन वर्षं भरत आली की नवं खत लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल, वर जुनं व्याज, दोन्ही मिळून नवं मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची पावती नाही. खतात काय लिहिलं ते त्याला वाचता येत नाही. कायदा शेतकऱ्याचा, पण कागद सावकाराच्या पेटीत. काही ठिकाणी तर बैल आणि गाडी कर्जात सावकाराच्या नावावर गेली, आणि त्याच बैलांचं भाडं भरून शेतकऱ्याने आपलं शेत नांगरलं.

आजा-आजींनो, तुम्ही पावसाळ्यात खावटी आणत होता, लग्नाच्या कर्जापायी वर्षानुवर्षं मालकाकडे राबत होता. हिशोब कोणाच्या वहीत होता? तुम्हीच सांगा.

1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यात करडे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. कोणी त्याची हजामत करीना, कोणी पाणी भरीना. मग 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात गावोगावचे शेतकरी जमले. सावकारांच्या दुकानांत शिरले आणि वह्या, खतं बाहेर काढून जाळली. काही दुकानं लुटली, काही घरं जळाली. पण माणसाच्या जिवावर ते सहसा उठले नाहीत. जिथं सावकाराने कागद आपणहून दिले, तिथं लोक परत फिरले. बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हे पसरलं. मग पोलीस आले, लष्कर आलं, शेकडो लोक पकडले गेले.

एक गोष्ट आम्हाला खटकते, ती बोलतो. राग निघाला तो मारवाडी आणि गुजर सावकारांवर, जणू दोष जातीचा होता. रोख साऱ्याची मागणी करणारं सरकार बाजूलाच राहिलं. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली आणि सरकारने निष्कर्ष काढला की दोष सावकाराचा, साऱ्याचा नाही. आपली लढाई कुणाच्या जातीशी नाही, हे आपण विसरायचं नाही.

पण जाळ वाया गेला नाही. 1879 साली नवा कायदा आला. कोर्टाने नुसतं खत बघायचं नाही, त्याच्या मागचा खरा व्यवहार तपासायचा. पैसे घेतले तर पावती द्यायची. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. मात्र सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, नगर, सातारा, सोलापूर. जंगलपट्टीतले आपले लोक त्यात नव्हते. आपल्यासाठी 1878 साली आला तो जंगलचा कायदा.

आता आजचं. मागच्या महिन्यात तीन पाड्यांवर एक माणूस कागद घेऊन फिरला. "प्लॉट नावावर करून देतो, इथं अंगठा मार." अकरा जणांनी अंगठा दिला. कागदावर काय होतं, एकालाही सांगता येत नाही. त्यांत आमच्यातल्या दोघांचे बाप आहेत. घरात बारावी शिकलेलं पोर असताना बापाने त्याला हाक मारली नाही. आम्ही बापाला दोष देत नाही. आम्हीच शिकून त्याच्याजवळ बसलो नाही.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे. वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही. अंगठा दिला तर त्याची नक्कल आपल्या घरात पाहिजे. जंगलखात्याने दंड केला असेल, त्याची पावती फाडू नका. तो दंड म्हणजे त्या साली ती जमीन तुम्ही कसत होता याचा पुरावा आहे. कुडात, मडक्यात, गाठोड्यात जे कागद असतील ते घेऊन या. उंदराने कुरतडलेले असले तरी आणा.

आणि त्या अकरा जणांनी आज जेवणानंतर आमच्याकडे बसा. न वाचता अंगठा घेतला असा अर्ज आपण आजच लिहू. तो तुम्हाला दोनदा वाचून दाखवू, मग तहसीलला सगळे मिळून जाऊ. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावा लागला, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता आणि त्यांच्या हातात नव्हता. आपल्याला वाचता येतं. आता तो आपल्या हातात ठेवू.

जोहार! जिंदाबाद!