अंत्येष्टीचा खर्च आणि ग्राहकाचे हक्क



सोळा संस्कारांतील हा शेवटचा संस्कार माणूस स्वतः करू शकत नाही. तो इतरांच्या हातून होतो. म्हणूनच त्याच्या खर्चाची चर्चा घरात कोणी काढत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा गृहस्थ त्या रात्री शववाहिनीचालकाने सांगितलेला आकडा मुकाट्याने मोजून देतो. शोकाच्या प्रसंगी पैशाची भाषा त्याला हलकी वाटते. समोरचा मात्र तीच भाषा बोलत असतो!

पहिला पेच पुष्कळदा रुग्णालयातच पडतो. देयक भरल्याखेरीज पार्थिव मिळणार नाही, असे सांगितले जाते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पार्थिव ताब्यात मिळणे हा नातलगांचा हक्क मानला आहे. थकबाकीच्या वसुलीसाठी रुग्णालयाला न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. पार्थिव हे काही तारण नव्हे. अशा वेळी अडवणुकीचे कारण लेखी मागावे. एवढ्यानेच बरेचदा सूर बदलतो.

निधन घरी झाले, तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला विनाशुल्क द्यावा, असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. नोंदणी २१ दिवसांत केल्यास विलंबशुल्क पडत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने अंत्यसंस्कार, शवागार आणि पार्थिवाची वाहतूक या सेवा करकक्षेबाहेर ठेवल्या आहेत. पावतीवर हा कर लावलेला दिसला, तर तो देऊ नये. पावती नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात जिल्हा आयोगाकडे शुल्क पडत नाही, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. मात्र जी सेवा पूर्णतः मोफत मिळते, ती या कायद्यात येत नाही. तिथे दाद महापालिकेकडेच मागावी लागते.

अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधी संस्थांना दरपत्रक ग्राहकाच्या हाती द्यावे लागते आणि दूरध्वनीवरही दर सांगावे लागतात. तेथील मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे: थेट दहनासाठी महागडी शवपेटी घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. आपल्याकडे दरपत्रकाचा असा देशव्यापी नियम नाही, म्हणून चौकशी आधीच करावी लागते.

चितेला सुमारे ३०० किलो लाकूड लागते. विद्युत वा गॅस दाहिनीत ते वाचते, आणि अनेक महापालिका ही सोय मोफत अथवा नाममात्र शुल्कात देतात. घरातील वडीलधाऱ्यांनी धडधाकट असतानाच एका कागदावर लिहून ठेवावे: दाहिनी की चिता, नेत्रदान करायचे का, दहावे-तेरावे किती माणसांत, गुरुजी कोण. त्याच कागदावर जवळच्या स्मशानभूमीचा आणि महापालिकेच्या शववाहिनीचा दूरध्वनी क्रमांक असावा. कागद कपाटातल्या कुलूपबंद कप्प्यात नको. किल्ली नेमकी त्या रात्री सापडत नाही.