घरचे वळण आणि मुलांची शाळा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



खासगी शाळा निवडताना आपण इमारत, फी व निकाल पाहतो. घरचे वळण तेथे टिकेल काय, हा प्रश्न मागे राहतो. आमच्या मते तोच प्रथम विचारावा. प्रार्थना कोणती, शिक्षा कशी, शिक्षक शिपायाशी कसे बोलतात, हे स्वतः जाऊन पाहावे. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही, असे संविधानाचा २८ वा अनुच्छेद सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ज्या शाळांस लागू आहे, त्यांना प्रवेशासाठी देणगी घेण्यास वा मुलाखतीने निवड करण्यास मनाई आहे. हे पालकांनी जाणून असावे.

परंतु घरचे वळण म्हणजे केवळ आपल्याच ज्ञातीची शाळा, असा अर्थ कोणी करू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, जेवली. कित्येक घरांत जे घडत नव्हते, ते तेथे घडले. शाळेने घरचे चांगले ते राखावे, तशी घरची उणीवही भरून काढावी. अशी शाळा आपल्या मुलांस लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.