बाप्तिस्म्याची वही आणि देवाचा दरबार

(सिरोंचा येथील ख्रिस्ती मेळाव्यासाठी अध्यक्षीय भाषण)



सिरोंच्यात एखाद्यानं आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या चर्चचे? विचारणारा बहुतेक वेळा स्वतःही ख्रिस्तीच असतो. मिळालेल्या उत्तरावर मग लग्न कोण लावणार, प्रभुभोजनाला बोलावणं येणार की नाही आणि शेवटी मूठमाती कुठे मिळणार, हे ठरतं. अध्यक्षाच्या खुर्चीवरून आज या प्रश्नाविरुद्धच बोलायचं आहे. कुणाला राग आला तर त्यानं तो इथेच, मांडवात, बोलून दाखवावा.

हे पंथभेद या मुलखात आले कसे, ते आधी पाहावं. १८६० साली गोदावरीकाठचा हा पट्टा निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. पुढे मिशनं आली ती आपापल्या वाटांनी. मेथडिस्ट काम दक्षिणेकडून, तेलुगू मुलखातून इथे पोचलं. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन बसलं. १९६२ साली रोमनं चांद्याचा कॅथलिक कारभार केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला. त्या धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण आज बल्लारपूर आहे. प्रॉटेस्टंट मिशनांनी तर आपसांत मुलूख वाटून घेतले होते. म्हणजे कुणाच्या आजोबांपर्यंत कोणत्या मिशनचा उपदेशक आधी पोचला, यावर त्या घराचा पंथ ठरला. आजोबांनी एपिस्कोपल आणि मेथडिस्ट सिद्धांत शेजारी ठेवून तोलले नव्हते. दुखण्यात कुणीतरी औषध दिलं, पोरांना अक्षरं शिकवली, येशूची गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना पटली. एवढ्यावर नातवांनी एकमेकांच्या वेदीपासून दूर राहावं?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च अनेक वर्षं बोलण्यांत सामील होतं. अगदी शेवटच्या टप्प्यावर ते बाहेर राहिलं. त्यामुळे चांद्याची स्कॉटिश परंपरेची मंडळी ऐक्याच्या आत गेली आणि सिरोंच्याची मेथडिस्ट मंडळी बाहेर राहिली. गोदावरीपलीकडे चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ सालीच झालं होतं. सिरोंच्यात बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या बाईच्या श्रद्धेत त्या नोव्हेंबरात कणभरही फरक पडला नाही. तरीही तिला आत किंवा बाहेर धरलं गेलं.

मराठी ख्रिस्ती माणूस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव अभिमानानं घेतो. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं की त्यांची गीतं येतातच. पण टिळकांनी शेवटी काय केलं, याबद्दल व्यासपीठांवर फारसं बोललं जात नाही. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसहून अधिक वर्षं काम केलं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सांभाळलं. आणि १९१७ साली, छपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मिशनची सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुभाव होता, बाप्तिस्मा झालेल्यांचा आणि न झालेल्यांचाही. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो, असं सांगणाऱ्या माणसाला त्या वाटेवर मागून येणाऱ्यांसाठी दार बंद करवेना. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि दरबार वाढू शकला नाही. पुढच्या मंडळ्यांनी त्यांची गीतं ठेवून घेतली, दरबार मात्र सोडून दिला. याला आदर म्हणता येत नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही तसंच. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या पाच वर्षं बाप्तिस्म्याशिवाय राहिल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांच्या मनाचा बांध कुठल्याही धर्मशास्त्रीय वादानं फुटला नाही. जात देवानं केलेली नाही, ती माणसांनी केली, हे एके दिवशी त्यांना आतून उमगलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आजच्या एखाद्या मंडळीत आधी प्रश्नोत्तरावली पाठ करायला लावली असती, तर जातीविषयीचं ते उमगणं कुणी जमेस धरलं असतं का?

आणि पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ज्या सिस्टर जेराल्डिननं त्यांना मायेनं सांभाळलं, तिच्याशीच त्यांचा पत्रांतून झगडा सुरू झाला. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना कबूल नव्हतं. बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांच्या मध्ये तिसरा अधिकारी त्यांना नको होता. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, इथपर्यंत त्या भिडल्या. चेल्टनहॅमला त्या तरुण पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ती हरकतही रमाबाईंनी ताठ मानेनं झिडकारली. ही सगळी पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली छापली आहेत. इथल्या प्रत्येक पाळकानं ती वाचावीत.

पंथाच्या चौकटीबाहेरची साधी श्रद्धा म्हणजे अभ्यास टाळणारी श्रद्धा, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रमाबाईंपुढे तो टिकत नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, आणि ते केलं आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत. मुक्तीमधल्या बायकांनीच ते छापलं. इतकं ज्ञान असलेल्या त्या बाईनं केडगावला कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधलं नाही. ज्यांना ग्रीकचं एक अक्षर येत नाही, तेच इथे सिद्धांतावरून शेजाऱ्याला परका ठरवतात.

या जंगलाच्या अधिक जवळचं उदाहरण आहे व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांचं. एल्विन इंग्रज पाद्री. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. शामराव मराठी ख्रिस्ती घरातले. १९३२ साली दोघं मंडल्याच्या करंजियात गोंडांमध्ये जाऊन राहिले, दवाखाना आणि शाळा चालवू लागले. धर्मांतर करायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी एल्विनना धर्मविधी करण्याचा परवाना दिला नाही. हेच वुड पूर्वी चांद्याच्या मिशनमध्ये होते. या भागातल्या माणसांसाठी त्यांनी स्वतः पुष्कळ खस्ता खाल्ल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. म्हणूनच ही घटना अधिक बोचते. भला माणूसही खुर्चीवर बसला की शपथा आणि परवाने मागू लागतो. १९३५ साली एल्विन चर्चमधून बाहेर पडले. गोंडांमध्ये राहणारा, त्यांच्याबरोबर जेवणारा, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारा माणूस चर्चनं गमावला. शामराव त्यांच्या सोबत राबत राहिले. मराठी मंडळ्यांत त्यांचं नाव आज कुणी घेत नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

ही भांडणं जुनी झालेली नाहीत. केरळात सिरो-मलबार चर्चमध्ये पुरोहितानं मिस्साच्या वेळी लोकांकडे तोंड करावं की वेदीकडे, यावरून २०२१ पासून इतकं पेटलं की एर्नाकुलमच्या बॅसिलिकेला टाळं लागलं. चांद्याचा धर्मप्रांत त्याच चर्चचा भाग आहे. प्रॉटेस्टंटांनी यावर खूश होण्याचं कारण नाही. चर्चच्या जमिनी आणि विश्वस्तपदं यांवरून त्यांचे खटले महाराष्ट्रभर कोर्टांत पडून आहेत.

काही जण म्हणतील, बाहेरून दडपण वाढत असताना घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? दडपण खरं आहे. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये एका पाद्र्याला त्याच्याच गावात मूठमाती मिळेना; मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि दफन गावापासून दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत झालं. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही मागणीही जोरात आहे. तिला विरोध केलाच पाहिजे. पण गावकऱ्यांनी जागा नाकारली तर तो अन्याय, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नाही म्हणून मंडळीनं जागा नाकारली तर ती शिस्त, असं म्हणणाऱ्याला न्याय मागण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे ठराव आहे. तालुक्यातल्या सर्व पंथांची दफनभूमी एक असावी. तिथे येणाऱ्या मृताची बाप्तिस्म्याची नोंद कुणी मागू नये. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळची प्रार्थना आळीपाळीनं एकमेकांच्या चर्चमध्ये व्हावी. तिथे मराठी आणि तेलुगूबरोबर गोंडी गीतंही म्हटली जावीत, आणि ज्यानं कुठेच नाव नोंदवलेलं नाही त्यालाही बायबल वाचायला उभं करावं. ठराव तीन भाषांत लिहून आणला आहे. प्रत्येक मंडळीच्या पाळकानं आणि पंचांनी त्यावर आजच सही करावी. ज्यांना करायची नसेल त्यांनी आपलं कारण जेवणाआधी या माइकवर सांगावं.