घनतेची कुपी



आज आम्ही आपल्यासमोर एक काचेची कुपी ठेवीत आहो. तिच्यात मावते जेमतेम २५ घन सेंटिमीटर. दिसायला अत्तराच्या कुपीची थोरली बहीण. पण हिच्या बुचाकडे पाहावे. बूच काचेचे, घासून तोंडाला बेमालूम बसविलेले, आणि त्यातून आरपार गेलेले केसासारखे बारीक छिद्र. कुपी काठोकाठ भरून बूच बसविले की जादा द्रव या छिद्रावाटे वर येतो. तो टिपून घेतला की कुपीत दर वेळी नेमका तेवढाच द्रव उरतो.

घनता म्हणजे वजन भागिले आकारमान, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. (आर्किमिडीज आणि राजमुकुट यांची कथा आपण ऐकलेली आहे, ती पुन्हा सांगत नाही.) अडचण आहे ती आकारमानाची. मापनळीत पाणी ओतले की ते कडेला वर चढते, मध्ये खोलगट राहते, आणि कोणती रेघ वाचावी याबद्दल दोघांचे दोन अभिप्राय पडतात. प्रयोगशाळेतला तराजू मिलिग्रॅमपर्यंत साक्ष देतो. म्हणून ही कुपी डोळ्याचे काम तराजूकडे सोपविते. ती रिकामी तोलावी, पाण्याने भरून तोलावी, मग तेलाने भरून तोलावी. तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले की झाले. कुपीत किती मावते हे मोजावेच लागत नाही!

मात्र उष्णमान लिहून ठेवलेच पाहिजे. ४ अंश सेंटिग्रेडला १ घन सेंटिमीटर पाणी १ ग्रॅम भरते, २७ अंशांना ०.९९६५ ग्रॅम. कुपी मुठीत धरली तर हाताच्या उबेनेसुद्धा छिद्रातून थेंब डोकावतो. ती मानेपाशी दोन बोटांनी धरावयाची असते.

खरी कसोटी लागते ती भुकटीशी. मापात वाळू भरून माप ठोकले की वाळू खाली बसते, हे आपण नित्य पाहतो. म्हणजे मापात वाळूबरोबर हवाही होती. ती हवा वगळून दाण्याची स्वतःची घनता कशी काढावयाची? समजा, पाण्याने भरलेली कुपी ७५ ग्रॅम भरली. कोरड्या कुपीत १० ग्रॅम वाळू घालून वर पाणी भरले, तर वजन ८५ व्हावयास हवे होते, भरले ८१.२३. उरलेले ३.७७ ग्रॅम पाणी वाळूने हुसकावले. १० भागिले ३.७७, म्हणजे २.६५. हीच गारेच्या वाळूची घनता.

पण दाण्यांच्या सांदीत ०.१ घन सेंटिमीटर हवा अडकून राहिली, तर उत्तर २.५८ वर घसरते. म्हणून प्रथम थोडेच पाणी घालून कुपी हलवितात, पंपाने हवा ओढून घेतात, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहतात. आमच्या मते या प्रयोगात बुद्धीपेक्षा धीर अधिक लागतो. साखर पाण्यात विरघळते, सिमेंट पाण्याशी संयोग पावते; तेथे रॉकेल वापरतात.

आता आपल्या घरच्या दुधाकडे वळू. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगणारी काचेची नळी. ती किती बुडते त्यावरून घनता कळते. गाईच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२. पाणी घातले की ती उतरते, आणि गवळी पकडला जातो. परंतु साय दुधाहून हलकी. ती काढून घेतली की दूध उलट जड होते! मग तेवढ्यापुरते पाणी घातले की आकडा पूर्ववत होतो. गिऱ्हाइकाची साय गेली, वर पाण्याचे पैसे पडले, आणि लॅक्टोमीटर दूध चोख असल्याची ग्वाही देतो. नळी खोटे बोलत नाही; तिला घनता विचारली, तिने घनता सांगितली. दुधात स्निग्धांश किती, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी गर्बरच्या पद्धतीने दुधात गंधकाम्ल घालून ते यंत्रात गरगर फिरवावे लागते. मग स्निग्धांश वर येऊन नळीच्या रेघांवर वाचता येतो. दोन्ही आकडे जवळ असले, म्हणजे मग गवळ्याशी बोलावे.