जेटीवरच्या टेबलावर माल कोणाचा?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



पाऊस ओसरला की मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या परत सुटतील. आपली शनिवारची टेबलंही लागतील. त्याआधी एक अवघड गोष्ट बोलायची आहे, हिशोब नंतर घेऊ.

कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहे. म्हणजे बाहेरची माणसं आणखी येणार, आणि जाताना घरी न्यायला काहीतरी शोधणार.

मागच्या मे महिन्यात एका गिऱ्हाईक बाईंनी काजूगराचं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "हे तुमच्याच बागेतले ना?" टेबलामागच्या ताई माझ्याकडे बघायला लागल्या. ते काजूगर घाऊक दुकानातून आणून आपल्या गटाच्या पाकिटात भरलेले होते. मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. तरी मी गप्प बसले. विक्रीचा आकडा छान दिसत होता आणि तो माझ्या अहवालात जात होता. चूक त्या गटाची जेवढी, तेवढीच माझी आहे.

त्याच टेबलाच्या शेजारी एका काकींची आमसुलं होती. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये. फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. असं कितीदा तरी. वळवाची सर आली की सगळं उचलून पडवीत पळायचं. एवढं करून गिऱ्हाइकाने घासाघीस केली की काकी म्हणायच्या, "घरचाच आसा गो, देतंय." भाव ठरवताना त्यांनी मीठ धरलं, पाकीट धरलं, एसटीचं तिकीट धरलं. उन्हातले दिवस मात्र धरलेच नाहीत. ती मजुरी आहे, काकी. दुसऱ्याच्या अंगणात हेच काम केलं असतं तर मागितली असतीत की नाही?

शेजारी विकतचा माल आपलाच म्हणून बसला, की काकींच्या दिवसांची किंमत कोण देणार? एकदा शंका आली की गिऱ्हाईक सगळ्याच टेबलांवर घेतं.

म्हणून माझं म्हणणं असं, गटाने पिकवलेलं किंवा स्वतः केलेलं तेवढंच टेबलावर. शेजारच्या वाडीतले काजू घेऊन फोडले असतील तर पाकिटावर तसं लिहा, त्यात लाज कसली? गटाचं नाव, गाव, तारीख, वजन, किंमत आणि फसाई नोंदणीचा नंबर हे तर हवंच. नोंदणी ज्यांची राहिली आहे त्यांनी बैठक झाल्यावर थांबा, फॉर्म इथेच भरू.

आणि एक. पावसात होड्या बंद झाल्या की आपण टेबलं मिटतो. यंदा तीनच गट बाजारपेठेत बसले, टाकळा, अळू, कुळथाचं पीठ घेऊन. गिऱ्हाईक सगळं मालवणातलंच, आणि दुपारच्या आत टोपल्या रिकाम्या. पर्यटक नसला तरी मालवणात चूल पेटतेच ना!

आता नियमावर हात वर करून मत घेऊ. पण आधी त्या काजूवाल्या गटाच्या अध्यक्षताईंना बोलायचं आहे. त्यांनी स्वतःहून सांगितलंय. या ताई, माईक घ्या.