यंत्र आलं ते बैलाच्या कामाला



कृषी अभियांत्रिकीच्या पदवीदानाला आलेल्या पाहुण्यानं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. देशाचं भवितव्य तुमच्या हाती आहे, उद्याचे शिल्पकार तुम्हीच, वगैरे. ते तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात, म्हणून मी ते गाळतो. माझं आयुष्य अवजारांच्या धंद्यात गेलं, तेव्हा अवजारांबद्दलच चार गोष्टी बोलेन.

सुरुवात किर्लोस्करांपासून करायची आपल्याकडे रीतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि नंतर लोखंडी नांगर. शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं गेली असं सांगतात. ही गोष्ट आपण नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून रंगवून सांगतो. मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देत होता. बीडाचा तुकडा तडकला तर न्यायचा कुणाकडे? ज्याचं पोट त्या हंगामावर आहे त्यानं थांबून बघितलं, तर त्यात चूक काय? पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, कारखानाच शेतकऱ्यांच्या मुलखात आला, आणि तोच नांगर गावोगाव गेला.

आता तिफण घ्या. तुमच्यातल्या काहींनी ती फक्त संग्रहालयात पाहिली असेल. वर लाकडी चाडं, त्याला तीन भोकं, प्रत्येक भोकातून खाली बांबूचा नळा आणि नळ्याच्या टोकाशी फण. पुढे गडी बैल हाकतो, मागे बाई चाड्यावर मूठ धरून चालते. ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि बोटांच्या फटीतून तिन्ही भोकांत सारखं सोडत राहायचं. मूठ सैल पडली तर ज्वारी दाट उगवते, आवळली तर तासात खाडे पडतात. जमीन ओली किती, बी बारीक की टपोरं, बैलांची चाल आज जलद की मंद, हे सगळं त्या बोटांना कळावं लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॅल्कट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दक्षिण हिंदुस्थानात अशी पाभर चालताना पाहिली आणि तिची माहिती विलायतेत कळवली. पेरणीयंत्र हा अलीकडचा युरोपी शोध, असं तो तोवर समजून होता.

मग ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. बी तबकडी मोजू लागली, तबकडीला चाक फिरवू लागलं. काम झपाट्यानं होऊ लागलं, बियाणं वाचलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चाड्यावरची बाई तिथून हलली ती ट्रॅक्टरच्या सीटवर नाही बसली. ती खुरपं घेऊन खाली बसली.

गेल्या शंभर वर्षांची आपली अवजारं पाहिली तर मला एक गोष्ट ठळक दिसते. आपण यंत्रं केली ती बैलाच्या कामाला. नांगरट, कुळवणी, पेरणी, मोटेचं पाणी, मळणी, वाहतूक. जिथं बैल राबत होता आणि त्याचा कासरा पुरुषाच्या हातात होता, तिथं इंजिन पोचलं. जे काम बाई वाकून किंवा उकिडवं बसून करते, म्हणजे खुरपणी, भातलावणी, कापसाची वेचणी, तिथं बहुतेक गावांत आजही हातच आहे. कोकणात आणि पूर्व विदर्भात भातलावणीची यंत्रं थोडीफार आली, पण चिखलातल्या ओळी अजून प्रामुख्यानं बायकांच्याच आहेत. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण आराखडे काढणारे आपण सगळे पुरुष होतो आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी दिवसभर खुरपं चालवलं होतं.

खुरपणीचंच बघा. तिथं सोसवेल असं अवजार वेळेत पोचलं नाही, म्हणून तणनाशक पोचलं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरून आंदोलन केलं. त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. माझ्या दृष्टीनं तो आपल्या खात्यावरचा शेरा होता. निंदणीची मजुरी परवडत नाही हे शेतकरी वर्षानुवर्षं सांगत होता, आणि त्यावर गावातल्या वेल्डिंगवाल्यांनी जुन्या सायकलचं चाक आणि पास जोडून सायकल कोळपं करून दाखवलं. उभ्यानं ढकलायचं, कंबर मोडत नाही, मोडलं तर तोच वेल्डिंगवाला जोडून देतो. स्वस्त आणि मस्त. त्यावर कुणी प्रबंध लिहिला असेल तर मला वाचायला आवडेल.

वेचणीचं कोडं जास्त अवघड आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून कापूस यंत्रानं वेचला जातो. पण तिथं झाडं बेताच्या उंचीची, बोंडं जवळपास एकदम फुटणारी, आणि वेचणीआधी औषध मारून पानं गाळलेली. आपल्याकडची पराटी फांद्या पसरते, बोंडं टप्प्याटप्प्यानं फुटतात, तीन-चार वेचे करावे लागतात. तेव्हा नुसतं यंत्र आणून भागत नाही. वाण, लागवडीचं अंतर आणि यंत्र तिन्ही एकत्र बदलावी लागतील. पैदासकार आणि अभियंते एका टेबलाशी बसले तरच हे जमेल. दोघांचे विभाग बहुधा एकाच आवारात असतात, पण चहाला सुद्धा एकत्र येत नाहीत, हे तुम्ही चार वर्षं पाहिलंच आहे.

आपल्याकडे चांगलं काम झालंच नाही असं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला घ्या. आंबा देठासकट कापला जातो आणि जाळीत पडतो. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, हापूसचा भाव टिकतो. लांब काठी, एक पातं, एक जाळी. माणसाची खरी अडचण नेमकी कुठं आहे ते आधी शोधलं आणि मग पातं लावलं.

आता पुढचं. ड्रोन आला आहे आणि तो राहणार आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोक्यापर्यंत वाढलेल्या कापसात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे ज्याला आठवतं तो ड्रोनला चैन म्हणणार नाही. फवारणाऱ्याच्या नाकातोंडापासून विष लांब नेणारं यंत्र मला हवंच आहे. केंद्रानं बचत गटांच्या महिलांना १५,००० ड्रोन द्यायची योजना २०२३ मध्ये मंजूर केली. एवढं महाग यंत्र सरकारनं सरळ बायकांच्या हाती द्यायचं ठरवलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण बॅटरी उतरली, पंखा मोडला, तर ती ताई तालुक्याच्या गावी कुणाकडे जाणार? नांगराच्या वेळचाच प्रश्न आहे हा. अमेरिकेत ट्रॅक्टर दुरुस्त करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणून शेतकरी भांडले आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगानं जॉन डिअरवर खटला भरला. त्यांची शेतं शेकडो एकरांची, तरी ते हैराण झाले. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावरच्या माणसाला कुलूपबंद यंत्र विकणं म्हणजे त्याला कायमचं गिऱ्हाईक करून ठेवणं आहे.

म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच. तुम्ही कंपनीत जा, खात्यात जा, स्वतःचा कारखाना काढा. पहिलं यंत्र बाईच्या कामाचं करा. आराखडा काढण्याआधी एक आठवडा मजुरीनं खुरपायला जा, आणि नमुना तयार झाला की आधी तिच्या हातात द्या. ती नको म्हणाली तर अहवालात तिचा दोष लिहू नका, यंत्र परत न्या आणि सुधारा. सुटे भाग तालुक्याला मिळतील, उघडायला साधा पाना पुरेल, एवढं पाहा. आज पदवी घेणाऱ्या मुलींना माझं विशेष सांगणं आहे की आराखड्याचं टेबल सोडू नका, मार्केटिंगला कुणीही जाईल.

 कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होते. तोवर कामाला लागा.